तुळशीखालचं अर्थिंग

छतात दिवा लपवणं हे चोरी लपवण्यापेक्षा अवघड काम आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे. चोरी निदान एकट्याला करता येते. दिव्याला सगळी आळी लागते.

आमच्या घरी बैठकीच्या मधोमध एक बल्ब वायरीला लोंबकळत असे. त्याच्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बल्ब एकाएकी आरोपी ठरला. त्यांना मिळालेला चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. त्यातून त्यांना एका बल्बाचे पाच बल्ब दिसत आणि पाचही अंगावर येत. संध्याकाळी ते पोथी उघडत, कपाळावर हात धरत, दोन ओळी वाचत आणि पोथी मिटत. मग म्हणत, "तिकडं थोरल्याच्या ओसरीवर कसा शांत उजेड असतो!"

थोरला म्हणजे माझा भाऊ. तो अंबाजोगाईला असतो आणि अण्णा जन्मभर त्याच्याकडंच राहिले. माझ्याकडं आले ते डोळे मुंबईत करायचे होते आणि आमच्या बोईसरहून मुंबई जवळ होती म्हणून. पण आले होते, आणि ते आता इथंच राहावेत असं मला फार वाटत होतं. चाळिशीच्या माणसाला वाटू नये इतकं वाटत होतं. हे तोंडानं सांगायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, म्हणून मी दिवे बसवायला काढले.

तेव्हा तारापूरला अणूच्या विजेचा कारखाना उभा राहत होता. ती वीज मुंबईला जाणार, गुजरातला जाणार. मी तिथल्या स्टोअरमध्ये कारकून होतो, म्हणजे खिळे आणि बोल्ट मोजून देत होतो. पण गावाकडं गेलो की "आम्ही वीज काढतोय" असंच सांगत असे. तिथल्या पाहुणेघरात एकदा खुर्च्या पोचवायला गेलो असताना मी ते दिवे पाहिले. छताला गोल भोक, भोकात दिवा, दिसतो फक्त उजेड. बल्ब डोळ्यांना दिसतच नाही. मी मान वर करून इतका वेळ उभा राहिलो की तिथल्या आचाऱ्यानं विचारलं, "पाल आहे का?"

घरी आल्यावर मी सुगंधाला, म्हणजे आमच्या मंडळींना, सगळं समजावून सांगितलं. आमच्या कौलारू घराला खालून लाकडी फळ्यांची तक्तपोशी होती. तिच्यात दोन भोकं पाडायची की झालं.

"त्यापेक्षा बल्बाला कागदाची टोपी घाला," सुगंधा म्हणाली.

कागदाची टोपी घातली. ती दुसऱ्या संध्याकाळी पेटली. माझा मार्ग मोकळा झाला.

वायरमन म्हणून मिळाला सातपाटीचा वामन. हा गडी आधी वडिलांच्या होडीवर होता, तिथं समुद्र लागतो म्हणून वायरिंगमध्ये आला. त्याच्या बोलण्यावरून सातपाटी ते डहाणू जेवढे दिवे लागत ते सगळे त्यानंच लावलेले असावेत. त्यानं तक्तपोशीवर बोटानं टकटक केली, डोळे मिटले आणि म्हणाला, "सायेब, आमी भिंत हुंगून सांगतो तार कुठं हाय. तुमी बिनघोर रावा." आणि पहिलंच भोक त्यानं बरोबर तुळईवर पाडलं. करवत अर्ध्यात अडकली ती निघेना. ती काढण्यासाठी दुसरं भोक पाडावं लागलं, दुसरं चुकलं म्हणून तिसरं. शेवटी कामाची दोन भोकं मिळेपर्यंत आमच्या छताची चाळणी झाली होती. सुगंधानं नको असलेल्या भोकांना खालून देवादिकांच्या तसबिरी ठोकल्या. आमच्याकडं येणारा पाहुणा त्यानंतर बरेच दिवस मान वर करून नमस्कार करी.

दिव्यांची घरं म्हणून वामननं बिस्किटांचे पत्र्याचे गोल डबे आणले, त्यांना आतून पांढरा रंग दिला आणि भोकांत बसवले. दिसायला खरंच सुरेख दिसत होते. पण डबे लोखंडी पत्र्याचे. वामननं आता गंभीर चेहरा केला.

"पत्रा हाय म्हणजे अर्थिंग पायजे, सायेब. तार सैल होऊन डब्याला लागली तर करंट डब्यात येल. अर्थिंग असलं तर करंट जमिनीत जाल, फ्यूज उडंल. नसलं तर जो हात लावंल तो उडंल."

आमची तक्तपोशी बुटकी. अण्णा उंच. हात वर केला की डब्याला सहज पोचे. मी अर्थिंग करायचं ठरवलं.

अर्थिंग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. पुरुषभर खड्डा खणायचा, तळाशी धातूची पत्री उभी करायची, तिच्याभोवती मीठ आणि कोळसा, मीठ आणि कोळसा असे थर द्यायचे, पत्रीची तार घरात आणायची आणि तो खड्डा कायम ओला ठेवायचा. कोरडा पडला की अर्थिंग गेलं. आमचं अंगण रेताड. इथं सकाळी ओतलेलं पाणी दुपारी कुठं जातं ते देवाला ठाऊक.

या प्रश्नावर आळीत चर्चा झाली. शेजारचे शिवाजीराव प्रकल्पावर क्रेन चालवत. मूळचे साताऱ्याकडचे. क्रेनमधून सगळं जग खाली दिसत असल्यामुळं त्यांना कुठल्याही गोष्टीवर मत होतं.

"कारकूनसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या अंगणात एकच जागा अशी आहे की जिथं पाणी कधी चुकत नाही. ताप असो, पाहुणा असो, जग बुडो. सांगा कुठली?"

मी अंगणभर नजर फिरवली.

"तुळस!" शिवाजीराव म्हणाले. "वहिनी रोज अंघोळ करून तांब्याभर घालतात का नाही? तिच्याच खाली खड्डा करा. वर तुळस, खाली अर्थिंग. पाण्याचं पाणी, पुण्याचं पुण्य."

ऐकताच मला असं वाटलं की या माणसाला क्रेनवर ठेवणं हा देशाचा तोटा आहे. वामननंही मान डोलावली. आम्ही तिघांनी वृंदावन अलगद सरकवलं, खड्डा खणला, पत्री पुरली. आम्ही तिघंही जाणते, बायकामुलांचे पुरुष होतो. त्यातल्या एकालाही हा विचार शिवला नाही की रोपाच्या मुळाशी पोतंभर मीठ घातल्यावर रोपाचं काय होतं.

मिठाचीही एक कथा झाली. सुगंधा घरातलं मीठ द्यायला तयार नव्हती. संध्याकाळी मीठ घराबाहेर देत नाहीत आणि सकाळी वामन येत नसे. तेव्हा मासळी विकायला आळीत येणाऱ्या हिराबाईनं आमची अडचण ऐकली. ही आमच्या दारावरून नाक न मुरडता जाई आणि आम्ही माळकरी म्हणून मोठ्यानं कधी ओरडत नसे, एवढी समजूतदार. म्हणाली, "मिठाची काय वाण हाय, दादा? आमच्याकडं पडलंय पोत्यानं. बाजारात नाय खपायचं, म्हणून पडलंय." दुसऱ्या दिवशी तिनं एक पोतं आणून टाकलं. मीठ करडं होतं. पोत्याला असा वास होता की आळीतली मांजरं रांगेनं आमच्या कुंपणावर येऊन बसली. मासळी खारवून झाल्यावर उरलेलं ते मीठ होतं.

मी सुगंधाला काही सांगितलं नाही. पण अण्णांचे डोळे अधू होते, नाक शाबूत होतं. संध्याकाळी ते अंगणात फेऱ्या मारता मारता थबकले. "रामकिसन," ते म्हणाले, "आपल्या तुळशीला बोंबलाचा वास येतोय का रे?"

"समुद्राकडचा वारा आहे, अण्णा," मी म्हणालो.

आता सरकारी मंजुरी. नवे दिवे घेतले की पालघरच्या विजेच्या कचेरीत अर्ज द्यायचा, मग साहेब येऊन अर्थिंग तपासणार. मी रजा टाकून पालघरला गेलो. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "दिवा लटकता की भिंतीवरचा?"

"छतातला."

"छताला म्हणजे लटकता."

"लटकत नाही. आत आहे."

"आत म्हणजे माळ्यावर? मग माळ्याचा दिवा म्हणा."

"माळ्यावर उजेड पडत नाही. खाली पडतो."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "हे बघा," तो म्हणाला, "दिवा एकतर वर असतो नाहीतर खाली. तुमचं आधी नक्की करा, मग या." मी स्वतः कारकून आहे. स्टोअरमध्ये मीही लोकांना याच आवाजात परत पाठवतो. पण आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाचं रक्त तापतं. तीन खेपांनंतर आमच्या दिव्याचं वर्णन 'माळ्यावरील लटकता दिवा, न लटकणारा' असं झालं आणि अर्ज पुढं सरकला. साहेब मात्र सापडेनात. कधी सातपाटीच्या बर्फाच्या कारखान्यात, कधी शिरगावला पडलेल्या खांबापाशी. मधल्या काळात वामननं "नुसतं ट्रायल" म्हणून दिव्यांना जुन्या वायरीतून वीज जोडून दिली. खरं सांगायचं तर उजेड फार छान पडला. पण अण्णा पोथी घेऊन बसायला तयार नव्हते. "सरकारचा माणूस बघून जाऊ दे," म्हणाले. जन्मभर तलाठ्याच्या हाताखाली काम केल्यामुळं सही नसलेल्या उजेडावर त्यांचा विश्वास नव्हता.

शेवटी साहेब आले. हातात पेटी, पेटीत काटा. त्यांनी तारा जोडल्या, मूठ फिरवली, आणि काटा जिकडं जायला नको तिकडं जाऊन पडला.

"जमीन खडखडीत कोरडी आहे," साहेब म्हणाले. "पाणी घालत नाही?"

"रोज घालतो! म्हणजे मंडळी घालतात. तुळशीला."

"मग आज?"

मी वृंदावनावरची धूळ झटकली. साहेबांनी पुन्हा विचारलं, "आज का नाही घातलं? काल?" मी आकाशाकडं पाहिलं. सुगंधा परसातल्या खोलीत निराळ्या चटईवर बसून गहू निवडत होती. कावळा शिवला होता. चार दिवस ती तुळशीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे, आणि आमच्या विद्वान योजनेत हे चार दिवस कुणीच धरले नव्हते. शिवाजीराव कुंपणापाशी उभे होते, तेही एकदम आपल्या सदऱ्याची बटणं तपासू लागले.

साहेबांनी एकदा परसाकडं पाहिलं, एकदा तुळशीकडं. तेही लग्नाचे असावेत. कान लाल करून त्यांनी पेटी मिटली. "शुक्रवारनंतर येतो," ते म्हणाले. "पण असं महिन्यातून चार दिवस बंद पडणारं अर्थिंग मला पास करता येणार नाही. खड्डा दुसरीकडं करा."

मी ते केलं नाही. आळीनं बघितलेला खड्डा पुन्हा खणायचा म्हणजे सगळ्यांसमोर मूर्ख ठरायचं. मी मनात म्हटलं, त्या चार दिवसांत गुपचूप मी घालीन पाणी.

पण तेवढ्यात तुळस पिवळी पडू लागली. सुगंधा घाबरली आणि दोन तांबे पाणी घालू लागली. मग घागर. ती जितकं पाणी घाली तितकं मीठ विरघळे, तितकी तुळस मरे आणि तितकं अर्थिंग सुधारे. इतकं सुंदर अर्थिंग आणि इतकी केविलवाणी तुळस पालघर तालुक्यात दुसरी नसेल. मी रोज सकाळी दोघांकडं पाहायचो आणि कामावर निघून जायचो.

दिवाळीनंतर तुळस वाळून काडी झाली. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. सुगंधानं रोप उपटलं, मुळाशी हात घातला आणि करडे खडे बाहेर काढून हुंगले. हातावर पाणी घेतलं, घरात गेली आणि देवापाशी बसून रडली. मी दाराशी उभा होतो, आत जायची छाती झाली नाही. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं आणि वृंदावनाकडं पाहणं सोडलं. मला गुपचूप पाणी घालता आलं असतं, पण रिकाम्या वृंदावनात पाणी ओतताना तिनं पाहिलं असतं तर मी काय सांगणार होतो? खड्डा कोरडा पडत गेला.

त्याच आठवड्यात घरात खमंग वास येऊ लागला. "शेजारी शेंगदाणे भाजतायत," अण्णा म्हणाले. शेजारी कुणी भाजत नव्हतं. गावाकडून आलेलं शेंगांचं पोतं मीच माळ्यावर ठेवलं होतं, नेमकं एका डब्याच्या पाठीवर. खालून रोज संध्याकाळी ट्रायलचा बल्ब, वरून पोतं. शेंगा मंद आचेवर भाजून निघत होत्या. त्या वासानं माळ्यावर उंदीर आले, शेंगा खाल्ल्या, आणि तोंड पुसावं तशी वायरीवरची साल कुरतडली. हे मला सगळं नंतर कळलं. तेव्हा मी फक्त दिवा का फडफडतोय म्हणून डब्याच्या काठाला हात लावला.

काय झालं ते सांगता येत नाही. कुणीतरी खांद्यापासून हात पिळून काढला आणि मला भिंतीवर फेकलं. तसबिरी खडखडल्या. मी खाली पडलो तेव्हा फ्यूज शाबूत होता आणि दिवा लख्ख चालू होता.

"काय पडलं?" अण्णांनी विचारलं.

"मी."

"त्या डब्यातून काही पडलं का बघतो," असं म्हणून अण्णा उठले आणि त्यांनी हात वर केला.

मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा अण्णांवर ओरडलो. "खाली बसा! हात खाली! बसा म्हणतो ना!" सुगंधा धावत आली, तिनं अण्णांचा हात धरून त्यांना बसवलं. अण्णा माझ्याकडं जाड भिंगांतून बघत राहिले. बापाला पोथी वाचता यावी म्हणून मी त्याच्या डोक्यावर फास टांगून ठेवला होता, तोही रंगवून, असं मला वाटलं आणि मला रडू कोसळलं.

त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही, स्वतःचंही नाही. पोतं खाली आलं. माळा झाडून रिकामा केला. वामनला सगळी वायर उपसायला लावली. नवी वायर लोखंडी नळीतून नेली. डब्यांच्या पाठीला भोकं पाडली, लाकडापासून ते दूर उचलून बसवले आणि वर जाळी टाकली. नवा खड्डा मोरीच्या पाटापाशी खणला. मोरीचं पाणी कुठल्या तिथीवर अवलंबून नसतं. शिवाजीरावांनी कुंपणावरून सांगितलं, "मी आधीच म्हणणार होतो, मोरी." मी त्यांच्याकडं पाहिलं तशी ते आत गेले. हिराबाईच्या ओळखीनं पाम गावाहून एक टवटवीत तुळस आली. वृंदावनातली माती मी स्वतः उपसून नवी भरली, आणि सुगंधा आठवड्यानंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "नीट दाबा," ती म्हणाली.

साहेब आले. त्यांनी मूठ फिरवली, काटा जिथं हवा तिथं जाऊन उभा राहिला. मुद्दाम तार डब्याला लावून पाहिली, तर फट्कन फ्यूज उडाला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सही झाली.

तुळशीचं लग्न लागलं त्याच संध्याकाळी अण्णा दिव्याखाली बसले. उजेड वरून शांतपणे पोथीवर पडला होता, डोळ्यांना बल्ब दिसत नव्हता. अण्णांनी एक ओळ वाचली. दुसरी. मग पान उलटलं. ते वाचत राहिले, मध्येच हसले, पुढं वाचत राहिले. सुगंधा हातातली साखर वाटायची विसरली. मी कोपऱ्यात उभा राहून त्यांच्याकडं पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, झालं, आता हे इथून हलत नाहीत.

अण्णांनी पोथी मिटली, चष्मा काढून पुसला.

"रामकिसन," ते म्हणाले, "मी उगाच घाबरलो होतो. मला वाटलं ऑपरेशन फसलं. पण डोळ्यांत काही खोट नाही, स्वच्छ दिसतंय. त्याच भीतीनं इतके दिवस तुझ्याकडं अडकून पडलो. आता बरा झालो. परवाचं तिकीट काढ."

"परवाचं?"

"हो. थोरला वाट बघत असेल."

सुगंधानं माझ्याकडं पाहिलं. मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर ओसरीत गेलो, मीटरपाशी उभा राहिलो आणि मेन स्विच खाली ओढला.

"काय झालं रे?" आतून अण्णा.

"लाईट गेली, अण्णा."

"कधी येईल?"

"इथलं काही सांगता येत नाही. महिना महिना लागतो." मी अंधारातच पुढं रेटलं. "आणि अंधारात कसे जाल तुम्ही? बांधाबांध करायची, सामान दिसायला नको?"

अण्णा काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आले. कुंपणापलीकडं शिवाजीरावांच्या घरी दोन्ही खोल्यांत दिवे जळत होते. पलीकडच्या घरातही. त्याच्याही पलीकडच्या. अण्णांनी नव्या डोळ्यांनी एकेक घर नीट बघितलं. मग ते माझ्याकडं वळले, आणि स्विचवरचा माझा हात त्यांनी पाहिला.

"महिना लागतो म्हणतोस," ते म्हणाले. "बरं. मग राहतो."